शोग्रेनचा आजार आणि किडनी : काय ठरले, काय ठरायचे राहिले

शोग्रेनच्या आजारात डोळे आणि तोंड कोरडे पडते, हे बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असते. तोच आजार किडनीपर्यंत पोचतो, आणि काही वेळा डोळ्यांच्या आधी किडनीतूनच प्रकट होतो, हे मात्र चटकन कोणाच्या मनात येत नाही. अशा रुग्णाला घरची माणसे पहिल्यांदा दवाखान्यात आणतात ती कोरड्या तोंडासाठी नव्हे. सकाळी उठताना हातापायांत ताकदच उरली नव्हती, ‘अंगावरून वारे गेले’ म्हणून आणतात. रक्तातले पोटॅशियम फार खाली गेलेले असते. सलाइनमधून ते भरून दिले की माणूस एकदोन दिवसांत चालत घरी जातो. पोटॅशियम कमी का झाले, याचा शोध घ्यायचा राहून जातो आणि काही महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

वैद्यकात या प्रश्नावर साठ वर्षे अभ्यास चालू आहे. काही गोष्टींवर एकमत झाले आहे, काहींवर जाणकारांत आजही दोन मते आहेत. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या किंवा मुरबाडमधल्या टोकावड्यासारख्या गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. तिथल्या रुग्णाच्या दृष्टीने यातले काय आजच उपयोगी पडते आणि कशाची वाट पाहावी लागेल, हे वेगळे करून पाहणे हा या आढाव्याचा हेतू.

पार्श्वभूमी

स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेनरिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांपैकी १३ जणींना सांधेदुखीही होती. कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि दुखरे सांधे ही एकाच आजाराची अंगे आहेत, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्याआधी १८८८ मध्ये योहान मिकुलिच यांनी अश्रुग्रंथी व लाळग्रंथी सुजलेल्या एका शेतकऱ्याचे वर्णन केले होते. दोन्ही एकच आजार, असे पुढे बराच काळ मानले गेले. मिकुलिच यांनी वर्णिलेला प्रकार बहुधा ‘आयजीजी-४’ नावाच्या वेगळ्या विकारात मोडतो, हे अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत स्पष्ट झाले. त्या विकारातही लाळग्रंथी सुजतात आणि किडनीला सूज येते. त्यामुळे दोन्हींची सरमिसळ टाळणे आजही निदानातली एक महत्त्वाची पायरी आहे.

शोग्रेनमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच ग्रंथींवर उलटते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींत गोळा होतात आणि त्यांचे काम मंदावते. अनेक रुग्णांच्या रक्तात ‘अँटी-रो’ आणि ‘अँटी-ला’ ही प्रतिद्रव्ये सापडतात. दहा रुग्णांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात आणि निदान बहुधा चाळिशी-पन्नाशीत होते. हा आजार एकटाही येतो आणि संधिवात किंवा ल्युपसच्या सोबतीनेही येतो.

किडनीचा धागा १९६० च्या दशकात हाती आला. शोग्रेनच्या रुग्णांची किडनी लघवी नीट घट्ट करू शकत नाही, हे १९६२ मध्ये नोंदले गेले. १९६८ मध्ये नॉर्मन तलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांतला रक्तातील आम्लाचा बिघाड आणि किडनीच्या गाळणीची सूज अशा दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. पुढचा सगळा अभ्यास या दोन वाटांनीच गेला आहे.

किडनीत बिघडते काय

किडनीचे काम ढोबळमानाने दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात रक्त गाळले जाते. या गाळणीतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी खाली उतरते. दुसऱ्या टप्प्यात बारीक नलिका त्यातले बहुतेक सगळे पाणी, मीठ, पोटॅशियम, साखर, फॉस्फेट परत रक्तात घेतात, शरीराला नको असलेले आम्ल लघवीत टाकतात आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते.

शोग्रेनचा मार बहुतांशी दुसऱ्या टप्प्यावर बसतो. ग्रंथींत गोळा होणाऱ्या पेशीच नलिकांभोवती जमतात आणि तिथे सूज येते. सर्वांत आधी कोलमडते ते आम्ल बाहेर टाकण्याचे काम. रक्त आम्लधर्मी होते, पण लघवी मात्र पुरेशी आम्लधर्मी होत नाही. तिचा पीएच ५.३ ते ५.५ च्या वरच राहतो. वैद्यकीय भाषेत याला दूरस्थ नलिकाजन्य आम्लता म्हणतात. आम्ल अडकते तसे पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. रक्तात ते सामान्यतः लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते. २.५ च्या खाली गेले की स्नायू साथ सोडू लागतात.

हे का घडते याचा काही उलगडा झाला आहे. १९९२ मध्ये अशा एका रुग्णाच्या किडनीचा तुकडा तपासला तेव्हा आम्ल बाहेर ढकलणारा पेशींमधला पंपच गायब असल्याचे दिसले. काही रुग्णांत या पेशींतल्या एका विकराविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडली आहेत. पंप आधी जातो की सूज आधी येते, हे मात्र निश्चित झालेले नाही.

रक्तात साचलेले आम्ल शमवण्यासाठी शरीर हाडांतला कॅल्शियम वापरते. हाडे मऊ होतात. कंबर आणि मांड्या दुखतात, चाल डुलती होते. सुटलेला कॅल्शियम लघवीत उतरतो. खडे होऊ न देणारे सायट्रेट लघवीत कमी झालेले असते, त्यामुळे मुतखडे होतात किंवा किडनीच्या आतच चुना साचतो. सोनोग्राफीत किडनीचा आतला भाग पांढरा उजळ दिसतो तो यामुळेच. काही जणांत लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते. मग दिवसरात्र भरपूर पातळ लघवी होते आणि तहान वाढते. कोरड्या तोंडामुळे पाणी जास्त प्यायले जाते म्हणून लघवी जास्त होते, असा समज इथे सहज होतो आणि किडनीकडे लक्ष जात नाही. क्वचित फॉस्फेट, साखर आणि इतर द्रव्येही गळू लागतात.

पहिल्या टप्प्याचा, म्हणजे गाळणीचा विकार कमी जणांना होतो, पण तो अधिक गंभीर असतो. रक्तातली काही प्रथिने थंडीत गोठणारी असतात. ती गाळणीत अडकून सूज आणतात. चेहऱ्यावर आणि पायांवर सूज येते, रक्तदाब वाढतो, लघवीत रक्त आणि प्रथिने दिसतात, ‘सी-४’ नावाचे रक्तातले पूरक प्रथिन घटते. हीच लक्षणे लिम्फोमा या कर्करोगाचीही पूर्वसूचना ठरू शकतात. नलिकांचा विकार बहुधा आजाराच्या सुरुवातीला किंवा त्याआधीच दिसतो आणि गाळणीचा विकार काही वर्षे गेल्यावर येतो, असे बहुतेक अभ्यासांत आढळले आहे.

किती जणांना होतो

या प्रश्नावर आकड्यांची मोठी तफावत आहे. ग्रीसमध्ये ७१५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा किडनीचा उघड विकार ३५ जणांत, म्हणजे जेमतेम ५ टक्क्यांत आढळला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९९ मध्ये फिनलंडमध्ये ७८ रुग्णांच्या किडनीची आम्ल टाकण्याची क्षमता मुद्दाम तपासली गेली. तिथे एक तृतीयांश रुग्णांत उघड किंवा छुपा बिघाड सापडला.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजमाप वेगवेगळे आहे. रुग्णाला त्रास झाल्यावर, क्रिएटिनिन (किडनीचे काम घटले की रक्तात वाढणारा घटक) वाढल्यावर किंवा लघवीत प्रथिने दिसल्यावरच मोजले तर आकडा लहान येतो. काही त्रास नसलेल्या रुग्णाची खोलवर तपासणी केली तर तो अनेक पटींनी वाढतो. छुप्या बिघाडाला आजार म्हणावे की नाही, हा खरा मुद्दा आहे. एका गटाचे म्हणणे असे की, छुपा बिघाड वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि त्याच्या मागे लागून रुग्णाला घाबरवणे योग्य नाही. दुसरा गट म्हणतो, हाडे आणि खडे हे त्रास हळूहळू वाढतात. छुपा टप्पा ओळखला नाही तर ते टाळण्याची वेळ निघून जाते. छुप्या टप्प्यातून किती जण उघड विकाराकडे जातात, याचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला की हा वाद मिटू शकेल.

आपल्या भागासाठी एक ढोबळ हिशेब करून पाहता येतो. देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार लाखामागे सुमारे ६० जणांना शोग्रेन असतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून पाच लाखांच्या आसपास होती. तोच दर इथे लावला तर तीनशे रुग्ण होतात. त्यांत ग्रीसच्या मापाने किडनीचे रुग्ण पंधरा आणि फिनलंडच्या मापाने शंभर. हा अंदाज म्हणजे पाहणी नव्हे. पण व्याख्या बदलली की दोन तालुक्यांत शोधायची माणसे पंधरावरून शंभरावर जातात, एवढे त्यातून लक्षात येते.

महाराष्ट्रात सांधेविकारांची गावपातळीवरची पाहणी नवी नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची तपासणी केली. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुमारे अर्धा टक्का लोकांना असल्याचे त्यातून कळले. ते काम दुखण्यावर केंद्रित होते. कोरडेपणा आणि किडनी यांचा शोध घ्यायचा तर प्रश्नावली वेगळी लागेल, पण गावात जाऊन असे काम होऊ शकते हे भिगवणने दाखवून दिले आहे.

आशियातले चित्र वेगळे आहे का

चीन आणि भारतातल्या अहवालांत नलिकाजन्य आम्लता आणि पोटॅशियम घटून आलेला लुळेपणा ठळकपणे दिसतो. युरोपातल्या अहवालांत तो इतका दिसत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०१५ मध्ये ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या मोठ्या अभ्यासांत त्याची गणना होते. त्याच संस्थेने शोग्रेन, नलिकाजन्य आम्लता आणि मऊ हाडे ही तिन्ही एकत्र आढळलेल्या रुग्णांवर स्वतंत्रपणे लिहिले आहे. हाडे मऊ होईपर्यंत दिवस जाणे, हे उशिरा झालेल्या निदानाचे लक्षण आहे.

या फरकाची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले आनुवंशिक : काही लोकसमूहांत नलिकांच्या पेशीच या आजाराला अधिक बळी पडत असाव्यात. दुसरे रुग्णांच्या निवडीचे : आपल्याकडे कोरड्या डोळ्यांसाठी मोठ्या रुग्णालयात कोणी जात नाही, लुळे पडल्यावरच जाते; म्हणून मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत लुळेपणाचे रुग्ण जास्त दिसतात. तिसरे राहणीमानाचे : उन्हातली मेहनत, घाम, जुलाब आणि आहारातली पोटॅशियमची तूट यांमुळे काठावर असलेला रुग्ण पटकन खाली जातो. तिन्ही बाजूंनी पुरावे आहेत. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगण्याइतके ते पुरेसे नाहीत. केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून याचा निकाल लागणार नाही, यावर मात्र जवळपास सगळ्यांचे एकमत आहे.

निदान कसे करायचे

कोरडेपणाची तपासणी साधी आहे. टीपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून रुग्णाला डोळे मिटायला सांगतात. पाच मिनिटांत पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू कमी आहेत असे धरतात. थुंकी एका भांड्यात जमा करून लाळही मोजता येते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून ठरवलेल्या निकषांत अँटी-रो प्रतिद्रव्याला ३ गुण, ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथीच्या तपासणीला ३ गुण, आणि डोळ्यांच्या दोन तपासण्या व लाळेचे मोजमाप यांना प्रत्येकी १ गुण आहे. ४ गुण झाले की रुग्ण निकषात बसतो. हिपॅटायटिस-सी, एड्स, सार्कॉइड, आयजीजी-४ विकार आणि मानेवर पूर्वी घेतलेले रेडिएशन ही कारणे आधी बाजूला काढावी लागतात.

या गुणांत किडनीला जागा नाही. हे निकष संशोधनासाठी रुग्ण निवडण्याकरता केलेले आहेत, रोजच्या निदानासाठी नाहीत, असे ते करणारेच सांगतात. तरीही व्यवहारात तेच वापरले जातात. त्यामुळे आधी किडनी बिघडलेला आणि कोरडेपणाची तक्रार न करणारा रुग्ण मध्येच अडकतो. काही तज्ज्ञांच्या मते अशा रुग्णाला शोग्रेनच समजून पुढे जावे, कारण मुद्दाम विचारले तर अनेक जण कोरडेपणा कबूल करतात. इतरांचे म्हणणे आहे की, थायरॉइडचा विकार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाब आणि जन्मजात नलिकादोष वगळल्याशिवाय घाई करू नये. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या २०१० च्या युरोपीय मापनात बारा विभाग आहेत. त्यांत किडनीला स्वतंत्र आणि जड वजन दिलेले आहे. म्हणजे तीव्रता मोजताना किडनी महत्त्वाची, निदान करताना गैरहजर, अशी स्थिती आहे.

दुसरा वाद किडनीच्या बायोप्सीचा. क्रिएटिनिन वाढत असेल, लघवीत बरेच प्रथिन किंवा रक्त असेल, तर बायोप्सी करावी, यावर फारसे दुमत नाही. आम्लता आहे, पोटॅशियम कमी आहे, पण क्रिएटिनिन ठीक आहे, अशा रुग्णाबाबत मतभेद आहेत. बायोप्सीच्या बाजूचे लोक म्हणतात की सूज ताजी आहे की जागा आधीच वाळून कडक झाली आहे, हे त्याशिवाय कळत नाही आणि औषधांचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. विरोधी बाजू म्हणते की निकालाने उपचार बदलणार नसतील तर रक्तस्रावाचा धोका पत्करू नये. जिथे बायोप्सीसाठी रुग्णाला मुंबईला न्यावे लागते, तिथे हा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार ठरतो.

उपचार

इथे एका मुद्द्यावर पक्के एकमत आहे. आम्लता भरून काढायची आणि पोटॅशियम भरून द्यायचे. पोटॅशियम सायट्रेट त्यासाठी सोयीचे, कारण ते दोन्ही कामे करते आणि खडेही रोखते. औषध रोज, बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. लुळेपणाच्या झटक्यात क्रम महत्त्वाचा असतो : पोटॅशियम फार कमी असताना आधी सोडा दिला, तर ते आणखी खाली जाते. म्हणून पोटॅशियम आधी, आम्लता नंतर.

मतभेद आहेत ते संरक्षणयंत्रणा दाबणाऱ्या औषधांवर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००९ मध्ये चाळीस वर्षांतले बायोप्सी झालेले २४ रुग्ण मांडले. त्यांपैकी १७ जणांत नलिकांभोवतीची सूज होती. स्टेरॉइड घेतलेल्या बहुतेकांची किडनी स्थिर राहिली किंवा सुधारली. फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांनी २०१७ मध्ये ९५ रुग्णांचा असाच अभ्यास मांडला. या अभ्यासांवरून एक गट सांगतो की, क्रिएटिनिन वाढत असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू करावे, नाहीतर सुजलेली जागा कायमची वाळून जाते. दुसरा गट दाखवून देतो की, या अभ्यासांत स्टेरॉइड न घेतलेल्यांचा तुलनेसाठी गट नाही, आणि आम्लता तर स्टेरॉइडने क्वचितच पूर्ण बरी होते. म्हणून केवळ आम्लता असलेल्या आणि किडनीचे काम टिकलेल्या रुग्णाला सायट्रेटवर ठेवून लक्ष ठेवावे, हा मध्यम मार्ग आज अनेक ठिकाणी स्वीकारला जातो. गाळणीच्या विकारात मात्र जोरदार उपचारांची गरज सगळेच मान्य करतात.

मोठ्या चाचण्यांनी या वादात मदत केलेली नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची २०१४ ची फ्रेंच चाचणी आणि रिटुक्सिमॅबची २०१७ ची ब्रिटिश चाचणी कोरडेपणा, थकवा आणि वेदना यांवर बेतलेल्या होत्या, आणि दोन्हींत अपेक्षित फायदा दिसला नाही. नव्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. त्यांचाही मुख्य रोख किडनीवर नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. स्टेरॉइडने दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, आणि क्षयरोग स्वतःही किडनीत सूज आणू शकतो. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी ही इथे केवळ औपचारिकता नाही.

शेणव्याच्या बाजूने

इथल्या परिस्थितीत या चर्चेला काही वेगळे संदर्भ मिळतात.

सकाळी लुळा झालेला माणूस आणला की शहापूर-मुरबाडमध्ये पहिली शंका मण्यारीची येते आणि ती येणे योग्यच आहे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण अनेकदा दिसतच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रुग्णांबद्दल सविस्तर लिहिले आहे. मण्यारीच्या विषात पापण्या आधी जड होतात, गिळणे आणि बोलणे बिघडते, पोटात दुखते. पोटॅशियम कमी झाल्यावर बहुधा पाय आधी जातात, मग हात. डोळे आणि बोलणे बरेचदा शाबूत राहते. हा नियम काटेकोर नाही. शंका असेल तर सर्पदंशाचे उपचार लांबणीवर टाकू नयेत. पण त्याच वेळी ईसीजी काढला आणि रक्तातले पोटॅशियम पाहिले, तर दुसरी शक्यताही तपासली जाते. ईसीजीत एक लाट सपाट होते आणि तिच्या मागे एक वेगळी छोटी लाट उठते. हे चित्र पाहिलेल्या डॉक्टरला ते लगेच ओळखू येते.

अशा रुग्णाला ‘ताकदीसाठी’ ग्लुकोजची बाटली लावणे धोक्याचे असते. ग्लुकोजमुळे शरीरात इन्सुलिन वाढते, इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ढकलते आणि रक्तातले आणखी घटते. त्याचप्रमाणे तपासणीशिवाय पोटॅशियमचे इंजेक्शन देणेही जिवावर बेतू शकते, कारण किडनी निकामी झालेल्या रुग्णात पोटॅशियम वाढलेले असते आणि त्यानेही अशक्तपणा येतो. म्हणून पोटॅशियमची तपासणी हीच या साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. ती तपासणी महागही नाही.

अंगदुखी आणि सांधेदुखीवर वेदनाशामक गोळ्या व सुया सर्रास घेतल्या जातात. शोग्रेनच्या रुग्णाला सांधे दुखतात, हाडे दुखतात, म्हणून त्याच्या वाट्याला त्या अधिक येतात. या औषधांनी किडनीत तशीच सूज येऊ शकते. मग नुकसान आजाराने झाले की औषधाने, हे ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते.

पाण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर टँकर येतात. ज्याची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्याला पाणी कमी पडले की धोका इतरांपेक्षा लवकर पोचतो, आणि ज्याला खडे होतात त्याचे खडे वाढतात. वीटभट्टीवर किंवा भाताच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘भरपूर पाणी पी’ असे सांगणे सोपे आहे. ते पाणी तिच्यापर्यंत पोचणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

गरोदरपणाचा मुद्दा वेगळा. आईच्या रक्तात अँटी-रो असेल तर शंभरांतल्या एकदोन बाळांना हृदयाचे ठोके मंद पडण्याचा विकार होतो, आणि आईची आम्लता व पोटॅशियम यांवरही ताण येतो. अशा बाईची प्रसूती कुठे करायची, हे आधीच ठरवणे गरजेचे असते.

साधारण रुग्णाची वाट शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे, आणि तिथून गरज पडल्यास मुंबईच्या केईएम, सायन किंवा जे. जे. रुग्णालयाकडे जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर मुख्यतः दाखल करून केलेल्या उपचारांवर आहे. सायट्रेट मात्र घरी, वर्षानुवर्षे घ्यायचे औषध. त्यामुळे झटक्याच्या उपचाराला आधार मिळतो. झटका टाळणाऱ्या औषधाचा खर्च बहुधा घरावरच पडतो.

काय ठरायचे राहिले

एकत्र पाहिले तर चार प्रश्न खुले आहेत. छुप्या बिघाडातून किती जण पुढे जातात? आशियातला ठळक लुळेपणा खरोखर वेगळा आहे की उशिरा पोचण्याचा परिणाम? क्रिएटिनिन ठीक असताना बायोप्सी आणि स्टेरॉइड यांचा फायदा होतो का? आणि कोरड्या डोळ्यांच्या प्रत्येक रुग्णाची किडनी किती अंतराने तपासावी? वर्षातून एकदा क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवी पाहावी, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. हा अंतराचा आकडा अनुभवातून आला आहे, चाचणीतून नव्हे.

यांतला दुसरा प्रश्न सोडवायला शहापूर-मुरबाडसारखा भाग उपयोगी पडू शकतो. दोन तालुक्यांत वर्षभरात पोटॅशियम घटून लुळा झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, त्याला कोरडेपणाबद्दल विचारले, लघवीचा पीएच पाहिला आणि अँटी-रो तपासले, तर रुग्णालयांच्या नोंदींतून कधीच न मिळणारी माहिती हाती येईल. भिगवणमध्ये सांध्यांसाठी जे झाले ते इथे या प्रश्नासाठी करता येण्यासारखे आहे.

ते होईपर्यंतही हात बांधलेले नाहीत. तज्ज्ञांचे मतभेद आहेत ते महागड्या आणि अवघड टप्प्यांवर. सोप्या टप्प्यांवर ते एकमताने बोलतात. लुळेपणा दुसऱ्यांदा आला, तर कोरड्या डोळ्या-तोंडाबद्दल विचारावे. डोळे-तोंड कोरडे असतील, तर पोटॅशियम आणि लघवी पाहावी. मुतखडे वारंवार होत असतील किंवा कंबरेचे दुखणे औषधांनी हटत नसेल, तरी हीच तपासणी करावी. आम्लता सापडली तर सायट्रेट सुरू करून ते बंद पडू देऊ नये, आणि वेदनाशामकांवर हात आखडता ठेवावा. एवढे केले तर बहुतेक रुग्णांचे पुन्हा लुळे पडणे, खडे आणि हाडांची झीज टळू शकते, आणि त्यासाठी वरचे चारही प्रश्न सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही.